चारही चाकांना जोर देणारी गाडी : इनपुट शाफ्टची ओळख व निगा

मराठवाड्यातील काळी जमीन पावसाळ्यात किती चिकट होते, हे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस सांगावयास नको. गोदावरी, मांजरा व मन्याड यांच्या खोऱ्यांतील शिवाररस्त्यांवरून बियाणे, खत अथवा आजारी माणूस न्यावयाचा झाल्यास चारही चाकांना जोर देणारी गाडीच उपयोगी पडते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली. त्या काळी विकासकार्यासाठी जीपगाडी वापरात आली, ती याच गुणामुळे. आजच्या गाड्या निराळ्या असल्या तरी मूळ तत्त्व तेच आहे.

रचना

इंजिनाचा जोर क्लच व गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केस नावाच्या दुसऱ्या पेटीत येतो आणि तेथून पुढील व मागील आसांकडे जातो. हा जोर पेटीत आणणारा पोलादी दांडा म्हणजे इनपुट शाफ्ट होय. त्यावरील लांबट खाचांना कारागीर स्प्लाइन म्हणतात. दांड्याला बेअरिंगचा आधार असतो व तेल अडविण्यासाठी सील असते. जुन्या विलीज जीपमध्ये गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्टच मागे वाढवून त्यावर ट्रान्स्फर केसचे पहिले दातेरी चाक बसविलेले असे.

लो गिअर का वापरावा?

ट्रान्स्फर केसच्या लो गिअरमध्ये जोर सुमारे दोन ते अडीच पट होतो. ही वाढ इनपुट शाफ्टच्या पुढे होते. म्हणून चाकांना तेवढीच ओढ हवी असता लो गिअरमध्ये या शाफ्टवर कमी पीळ पडतो. चिखलात रुतलेली गाडी हाय गिअरमध्ये ठेवून, इंजिन गरगरवून क्लच एकदम सोडल्यास सारा हिसका स्प्लाइनवर बसतो. गाडी थांबवून लो गिअर टाकावा व क्लच सावकाश सोडावा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र पुढील आसाचा जोर काढून ठेवावा. नाही तर वळणावर पेटीतील चाकांवर व टायरांवर व्यर्थ ताण येतो.

पाण्यापासून जपणूक

तापलेली पेटी ओढ्याच्या थंड पाण्यात शिरली की आतील हवा आकसते आणि सील वा श्वासनळीतून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले असे समजावे व तेल त्वरित बदलावे. तसे न केल्यास बेअरिंग गंजते.

मृगापूर्वीची तपासणी

१. गाडी सपाट जागी उभी करून तेलाची पातळी पाहावी. बहुतेक पेट्यांत ती भरणीच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावी.

२. दोन्ही पेट्यांचे तेल वेगळे असलेल्या गाडीत एकीचे तेल घटून दुसरीचे वाढल्यास मधले सील गेले असे समजावे.

३. श्वासनळी चिखलाने बुजली असल्यास साफ करावी. ती बंद राहिली की आतील दाब तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो.

४. काढलेल्या तेलात बारीक राखाडी भुकटी असल्यास चिंता नसावी. पोलादाचे तुकडे आढळल्यास पेटी उघडावी.

५. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना खटका ऐकू आल्यास प्रथम प्रोपेलर शाफ्टचे सांधे पाहावेत, नंतर स्प्लाइनची झीज तपासावी.

तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच वापरावे. सील व तेल यांवरील खर्च अल्प असतो. शाफ्ट तुटल्यास सारी पेटी उतरवावी लागते, आणि नेमक्या पेरणीच्या दिवसांत गाडी अडून पडते.