रहिमतपूरचें पाणी व पुढल्या पिढीचा वांटा

रहिमतपूर गांवीं रणदुल्लाखानाच्या मशिदीजवळ दगडी बांधणीची एक उंच जुनी मोट आहे. तिला हत्तीची मोट असें म्हणतात. मशिदीच्या कारंजास पाणी चढावें म्हणून ती बांधिली होती. त्या काळीं एका कारंजापुरतें पाणी वर नेण्यास एवढा खटाटोप करावा लागे. आज कळ दाबिली कीं शेंकडों फूट खोलीचें पाणी क्षणांत वर येतें. पाणी काढणें सोपें झालें, परंतु त्यामुळें पाणी वाढलें असें मात्र झालें नाहीं. आपल्या भागाची भरभराट टिकेल कीं एका पिढींतच संपेल, हा प्रश्न या एका गोष्टींत आहे, व तोच आजच्या पाठाचा विषय आहे.

१९८७ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं नेमिलेल्या एका मंडळानें ‘शाश्वत विकास’ या शब्दांचा अर्थ जगापुढें मांडिला. त्याचें तात्पर्य असें कीं, आजच्या लोकांनीं आपली गरज भागवावी, पण पुढें येणाऱ्यांस आपली गरज भागवितां येणार नाहीं असें करूं नये. शेतकऱ्यास हें नवें नाहीं. पेरणीचें बियाणें दळून खाणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. जमीन व पाणी हींही बियाण्यासारखींच आहेत, एवढें ध्यानांत आणावयाचें आहे.

पहिली गोष्ट : जमीन व पाऊस. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षास सुमारें ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस माण तालुक्यांत तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. कोरेगांव तालुक्यांतील रहिमतपूर या दोहोंच्या मध्यें आहे. येथें आपल्या पायांखालीं काळा कातळ आहे. पाणी राहतें तें वरच्या मुरमांत व खडकाच्या भेगांत. हें भांडें लहान आहे. यास्तव एकानें खोल बोअर पाडिली म्हणजे पुष्कळदां शेजाऱ्याची विहीर आटते. दोघांच्या सातबाऱ्यावर बांध वेगळे असतील, पण बांधाखालचें पाणी एकच आहे.

दुसरी गोष्ट : पैसा. कृष्णेवर वांईजवळ धोम येथें धरण झालें व त्याचे कालवे कोरेगांवाकडे आले. त्यामुळें ऊंस वाढला, आल्याचें व हळदीचें पीक वाढलें, पुष्कळांचीं घरें पक्कीं झालीं. हा लाभ खरा आहे व त्यास आम्हीं नांवें ठेवीत नाहीं. परंतु थोडा हिशेब करूं. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी होतें. ५०० मिलिमीटर पावसाचें ५० लाख लिटर झालें. एक हेक्टर उंसास २००० मिलिमीटर, म्हणजे २ कोटी लिटर पाणी लागतें असें धरिलें, तर चार हेक्टरांवर पडलेला सगळा पाऊस एका हेक्टराच्या उंसानें घेतला. ज्वारीचें काम याच्या चौथाईंत भागतें. मग कालव्यावर नसलेल्या शेतकऱ्यानें हें उरलेलें पाणी कोठून आणावें? तो बोअर पाडितो. ती कोरडी गेली कीं दुसरी पाडितो. आणि कर्ज उरतें. आल्याचेंही तसेंच आहे. भाव चढला म्हणजे सर्व तेंच लावितात, भाव पडला म्हणजे बियाण्याचा व खताचा खर्च अंगावर येतो, आणि कंद कुजला तर तेंही गेलें.

पाणी अधिक देऊनही हानि होते. सांगली जिल्ह्यांत वाळवें, पलूस, मिरज या भागांत कृष्णाकांठची पुष्कळ उत्तम जमीन पाण्याच्या अतिरेकानें क्षारपड झाली आहे. त्याच नदीनें ऑगस्ट २०१९ मध्यें सांगली बुडविली. वर टंचाई व खालीं महापूर, या दोन्ही गोष्टी एकाच खोऱ्याच्या आहेत.

तिसरी गोष्ट : माणसें. विकासाचा लाभ एकास व भार दुसऱ्यास, असें झालें तर तो टिकत नाहीं. कोयनेच्या पाण्यावर वीज झाली व तिनें दूरदूरचीं घरें उजळलीं; पण त्या खोऱ्यांतील पुष्कळ कुटुंबांस रायगड, ठाणें, सोलापूर, सांगली या जिल्ह्यांत जाऊन पुन्हां पहिल्यापासून संसार मांडावा लागला. माण व खटाव येथील किती तरी माणसें मुंबईस माथाडी कामास गेलीं. खानापूर तालुक्यांतील तरुण सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं देशभर पांगले. घागर उचलण्याचें काम बहुधा स्त्रियांचें, पण पाण्याविषयीं ठरविणाऱ्या बैठकींत त्यांचा शब्द क्वचित्. आणि ज्याला जमीनच नाहीं, त्याला पाण्याचा वांटा कोण देणार?

या प्रश्नाचें उत्तर कांहीं गांवांनीं दिलें आहे. पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. तेथील नियम असे : पाणी जमिनीच्या मापानें नव्हे, घरांतील माणसांच्या संख्येनें मिळावें, भूमिहीनांसही हक्क असावा, ऊंस लावूं नये, आणि योजनेच्या खर्चाचा कांहीं भाग सभासदांनीं स्वतः द्यावा. सांगली जिल्ह्यांत येरळा नदीवर तांदुळवाडी व बलवडी येथील लोकांनीं १९८० नंतरच्या दशकांत श्रमदानानें व कांहीं वाळू विकून बळीराजा धरण बांधिलें, व त्याचें पाणी जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबास सारखें द्यावें असें ठरविलें. ज्या वाळूचा लिलाव होऊन नदी कोरडी पडत होती, तिच्याच थोड्या भागावर गांवानें आपलें धरण उभें केलें.

तिसरें उदाहरण रहिमतपूरच्याच तालुक्यांतील आहे. २०१६ सालीं पाणलोटाच्या कामांची ‘वॉटर कप’ ही स्पर्धा प्रथम भरली, तेव्हां वरूड, अंबाजोगाई व कोरेगांव हे तीन तालुके तींत होते. पहिलें ५० लाख रुपयांचें बक्षीस कोरेगांव तालुक्यांतील वेळू या गांवास मिळालें. भर उन्हाळ्यांत लहानथोरांनीं कुदळी-घमेलीं घेऊन माळावर समतल चर खणिले. असे चर धांवत्या पाण्यास चालावयास लावितात, व चालत्या पाण्यास थांबवून मुरवितात. मातीही शेतांतच राहते.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. चर खणणें हा पाठाचा अर्धाच भाग आहे. पाणी मुरलें, विहिरी भरल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं ज्याच्याजवळ पैसा त्यानें खोल बोअर पाडून ऊंस लाविला, तर सर्वांच्या घामाचें पाणी एकाच्या फडांत जाईल. पाणी अडविण्यास गांव सहज एक होतो. वांटण्यास बसला म्हणजे त्याची खरी परीक्षा होते. “माझी जमीन, माझी बोअर, तुम्हीं कोण विचारणार?” असें कोणी म्हणेल. त्यास रागें भरूं नये. त्याच्यावरही कर्ज असेल व मुलीचें लग्न असेल. त्याच्याजवळ बसून हिशेब मांडावा : यंदां पाऊस किती पडला, माणसांस व गुरांस किती लागेल, उरलें त्यांत कोणतें पीक बसेल. नगर जिल्ह्यांतील हिवरेबाजार गांव असाच पाण्याचा ताळेबंद मांडून पिकें ठरवीत आला आहे, व शेतीसाठीं बोअर पाडण्यास तेथें बंदी केली आहे. तेथें हुकुमापेक्षां हिशेबाचें काम मोठें झालें.

गांवोगांवच्या शिक्षकांनीं हा पाठ लोकांबरोबर वाचून पुढील प्रश्न विचारावे, व उत्तरें फळ्यावर लिहावीं.

१. तुमच्या गांवांत पंचवीस वर्षांपूर्वीं कोणत्या महिन्यापर्यंत विहिरींस पाणी असे? आतां कोणत्या महिन्यापर्यंत असतें? वृद्धांस विचारा.

२. तुमच्या शिवाराचे हेक्टर किती? त्यावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती लिटर पाणी होईल?

३. त्या पाण्यांतून किती हेक्टर ज्वारी होईल, व किती हेक्टर ऊंस?

४. गांवांत ज्यांस जमीन नाहीं अशीं घरें किती? त्यांस पाण्याचा कोणता वांटा मिळतो?

५. पाण्याच्या मागल्या बैठकींत किती स्त्रिया बोलल्या?

उत्तरें लिहून झालीं म्हणजे तीं पुसूं नका. ग्रामसभेच्या दिवशीं तोच हिशेब तेथें न्या. आपल्या नातवंडांस आपण घर किती मोठें बांधिलें हें आठवणार नाहीं. विहिरींत पोहरा सोडिल्यावर तो भरून वर आला कीं रिकामा, हें मात्र त्यांस रोज कळेल.