उरलेल्या कापडाची वाकळ



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी दोन तऱ्हांचे कापड साठलेले असते. पहिले म्हणजे ओटीचे व हळदीकुंकवाचे खण. ऐंशी सेंटिमीटरांचा हा तुकडा चैत्रात एका घरी येतो, श्रावणात दुसऱ्या घरी जातो आणि संक्रांतीस तिसऱ्या घरी पोहोचतो. कित्येक खणांनी अशा रीतीने सारे गाव पाहिलेले असते, परंतु ते कोणाच्या अंगास मात्र लागलेले नसतात. दुसरे कापड म्हणजे शिंप्याकडून परत आलेली कातरणे, विरलेली धोतरे, गादीची फाटकी अभ्रे आणि मुलांचे आखूड झालेले सदरे. हे टाकवत नाही व वापरताही येत नाही. या दोन्हींची एकच उत्तम सोय आहे, ती म्हणजे वाकळ. ती कशी करावी याचा एक लहानसा पाठ या लेखात देण्याचे योजिले आहे.

आपण जिला वाकळ किंवा गोधडी म्हणतो, तिलाच शेजारची कन्नड कुटुंबे कौदी म्हणतात. बंगालमध्ये ती कांथा होते, बिहारात सुजनी, तर सिंध व राजस्थानकडे रल्ली. संस्कृतात 'कन्था' हा शब्द आहेच. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शंभर जीर्ण तुकड्यांची कंथा पांघरणाऱ्या माणसाचे वर्णन आलेले आहे. अलीकडच्या काळात श्रीगाडगेमहाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र वागवीत, म्हणून त्यांस लोक गोधडेमहाराजही म्हणत. तेव्हा चिंधीची लाज वाटण्याचे आपणांस काही कारण नाही. 'वाकळ घरात दिसली की दारिद्र्य दिसते' असे म्हणणारी मंडळी अजून भेटतात. त्यांच्याशी वाद न घालता त्यांना पावसाळ्यातील एका रात्री वाकळ पांघरावयास द्यावी हे बरे.

जुन्या वाकळेत आणि आज आपण करू तिच्यात एक मोठा भेद आहे, तो आरंभीच लक्षात घेतला पाहिजे. पूर्वी वाकळेचा खरा आधार जुने सुती लुगडे हा होता. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असते. त्याचे चार सारखे भाग केले की दोन मीटर लांब व सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असे चार थर एकाच वस्त्रातून निघत. वर-खाली एखादे चांगले कापड घातले की एका माणसाची वाकळ सिद्ध होई. तीत जोडकाम फारसे नसेच. आता नऊवारी सुती लुगडी घरांतून गेली, आणि सहावारी पातळांत कृत्रिम धाग्याचे प्रमाण फार वाढले. म्हणजे वाकळेचा आधारच गेला व हाती केवळ तुकडे राहिले. यास्तव पूर्वी जे काम कापड आपोआप करीत असे, ते आता आपल्याला निवडीने आणि टाक्याने करावे लागते. वाकळ फसते ती बहुधा शिवणात फसत नाही, निवडीत फसते.

म्हणून सुई हाती घेण्यापूर्वी सर्व कापड जमिनीवर मोकळे करून त्याचे ढीग करावेत. वापरून मऊ झालेले सुती कापड, म्हणजे धोतर, पंचा, चादर, सुती पातळ, हे सर्वांत मोलाचे. आमच्या घरी पौरोहित्यामुळे धोतरे-उपरण्यांची वाण कधी पडली नाही, आणि दहा वर्षे धुतलेल्या धोतराइतका उत्तम आतला थर मला दुसरा ठाऊक नाही. त्यानंतर नवे, कोरे, घट्ट विणीचे सुती कापड. सदऱ्यांची कातरणे व पॉपलिनचे खण यांत येतात. हे वरच्या बाजूस शोभतात. नायलॉन, टेरिलिन, जाळीचे व जरीचे कापड बाजूला काढावे. कृत्रिम धागा घाम शोषत नाही, त्याच्या कडा सुटत राहतात, आणि ठिणगी पडली तर तो वितळून कातडीस चिकटतो. जरी अंगास टोचते. बनियनसारखे ताणणारे विणकाम घालावयाचेच असेल तर केवळ आत घालावे.

कापड सुती आहे की नाही याचा निर्णय नुसत्या डोळ्यांनी होत नाही. तुकड्याच्या कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरावा व ताटलीवर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा आकसून वितळतो व निवल्यावर कठीण मणी राहतो. दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर कापड मिश्र आहे असे समजावे. गुळेदगुड्डच्या खणासारखे जे खण असतात, त्यांत रेशमाचा किंवा त्यासारख्या दिसणाऱ्या धाग्याचा अंश असतो. ते आतील थरांत न घालता वरच्या पानावर मधोमध बसवावेत, म्हणजे घर्षण कमी होते व रूपही दिसते.

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते टाळून चालत नाही. सर्व नवे तुकडे कढत पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावेत. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यास आटते. जुने कापड पूर्वीच आटलेले असते. दोन्ही न धुता एकत्र शिवली तर पहिल्याच धुण्यात नवा तुकडा आक्रसतो व त्याच्या भोवती जुने कापड सुरकुत्या धरून फाटते. ओल्या तुकड्यावर पांढरे फडके घासून रंग उतरतो का तेही तेव्हाच पाहून घ्यावे. लाल व गर्द निळ्या खणांच्या बाबतीत विशेष सावध राहावे.

ओटीच्या खणाविषयी एक शंका मला अनेक सुवासिनींनी विचारली आहे: देवीच्या प्रसादाचा खण अंथरुणात चालेल काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तो पांघरुणात अवश्य चालावा, परंतु पायाखाली येणाऱ्या सतरंजीत किंवा पायपुसण्यात घालू नये. प्रसाद अंगावर घ्यावयाचा असतो, आणि थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर तो पडला तर त्याचा अनादर झाला असे मला वाटत नाही. ट्रंकेत त्याला कसर लागणे हा मात्र अनादर खराच. कापडावर देवतेचे चित्र छापलेले असेल तर तो तुकडा वगळावा.

आता मांडणी. स्वच्छ जमिनीवर तळाचे कापड, शक्यतो अखंड चादर किंवा पातळ, ताणून पसरावे व चारी कोपऱ्यांवर वजने ठेवावीत. त्यावर आतले थर घालावेत. आतल्या थरांत तुकडे एकमेकांवर चढवू नयेत, कडेला कड भिडवून ठेवावेत, नाहीतर झोपताना गाठी लागतात. प्रत्येक तुकड्याचा उभा धागा वाकळेच्या लांबीच्या दिशेने येईल असे पाहावे. तिरका कापलेला तुकडा ताणला जातो व वाकळ कालांतराने वेडीवाकडी होते. एकंदर चार ते पाच थर पुरेत. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांत अडकलेल्या हवेने येते, त्यामुळे आठ-दहा थर कोंबल्याने वजन वाढते, ऊब त्या मानाने वाढत नाही. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला मऊ कापडाचे दोन-तीन थरच असावेत, आणि तोंडावर सरकेल असे जाड पांघरूण बाळाच्या अंगावर घालून त्यास एकटे निजवू नये.

सर्वांत वर रंगीत तुकड्यांचे पान येते. येथे प्रत्येक तुकड्याची कड बोटाच्या पेरभर आत मुडपून ती शेजारच्या तुकड्यावर चढवावी. मग सारे थर मोठमोठे कच्चे टाके घालून टाचून घ्यावेत. हे टाचणे मध्यापासून सुरू करून कडांकडे न्यावे, म्हणजे सुरकुत्या बाहेर निघून जातात. कडांकडून मध्याकडे टाचल्यास सर्व सुरकुत्या पोटात जमतात.

पक्के शिवण म्हणजे साधा धावदोरा. दोरा जाड सुती घ्यावा, मेणावरून ओढून घ्यावा, आणि हात जितका लांब जातो त्याहून लांब दोरा सुईत ओवू नये. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर असावे. दोन मीटर लांब व सव्वा मीटरला थोडी कमी अशा वाकळेत या मानाने सत्तावन्न-अठ्ठावन्न ओळी येतात. म्हणजे शंभर मीटरांहून अधिक शिवण, आणि सेंटिमीटरास एक टाका धरला तर ११,००० हून अधिक टाके. रोज एक तास बसले तरी महिना जातो. हा हिशेब मी घाबरविण्यासाठी मांडलेला नाही. बाजारात वाकळेची जी किंमत ऐकून आपण घासाघीस करतो, ती किंमत या टाक्यांची आहे, एवढेच लक्षात यावे. टाका फार आवळला तर थर दबून हवा निघून जाते, आणि फार सैल ठेवला तर पायाचे बोट अडकून दोरा तुटतो. किती आवळावे हे लिहून सांगता येत नाही. ज्या घरी सत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत, त्यांनी या एका गोष्टीसाठी तरी त्यांच्याजवळ बसून निदान चार ओळी घालाव्यात. त्यांची नजर मंदावली असली तरी बोटांना ते माप अजून ठाऊक असते, आणि ते दुसऱ्या कोठे मिळणार नाही.

टाक्याची याहून वेगळी एक रीत आपल्या अगदी शेजारी आहे, तिचा परिचय येथे करून देणे मला आवश्यक वाटते. खानापूर तालुक्यात व पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांतील पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, आणि तेथून निसटून किंवा सुटून ते घाटावरील अरण्यांत आले. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. त्या वरचे पान आधी जोडून घेत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, तुकडा ठेवावा व शिवावा, असे करीत कडेकडेने चौफेर फिरतात आणि प्रदक्षिणा घालत घालत मध्याशी येऊन पोहोचतात. त्यामुळे टाक्यांच्या ओळी एकात एक बसलेल्या चौकोनांसारख्या दिसतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे जाडसर त्रिकोणी फूल बसवितात. फुलांवाचून कवंदी उघडी समजली जाते. वापरात कोपरे सर्वांच्या आधी झिजतात हे ध्यानात घेतले, म्हणजे ते फूल शोभेबरोबर कामाचेही आहे हे कळते. सुगावाही न लागणाऱ्या लहान तुकड्यांसाठी ही रीत विशेष सोयीची आहे, कारण रचना आधी ठरवावी लागत नाही, हाती येईल तो तुकडा बसत जातो. ज्यांच्याकडून जमीन, नाव, भाषा सारे हिरावले गेले, त्यांनी दुसऱ्यांच्या टाकाऊ वस्त्रांतून इतके देखणे काही उभे करावे, हे पाहून माणूस थोडा वेळ गप्प राहतो. आज काही ठिकाणी त्या कवंदी विकल्याही जातात. संधी मिळाल्यास योग्य दाम देऊन एक अवश्य घ्यावी व तिचा टाका जवळून न्याहाळावा.

आपल्या वाकळेच्या कडेसाठी जुन्या पातळाचे सुती काठ जपून ठेवावेत. काठाची वीण दाट असल्यामुळे पातळाचे अंग विरले तरी काठ धड राहतो. बंगाली स्त्रिया तर अशा काठांतून रंगीत धागे उसवून कांथ्यावर त्यांनीच भरतकाम करीत. काठाची पट्टी दुमडून चारी बाजूंस बसवावी व तिला हातशिलाईने दुहेरी टाका घालावा. कोपऱ्यात पट्टी कापू नये, मुरड घालून वळवावी. इतके करूनही वीतभर तुकडे उरतीलच. त्यांची तव्याची व पातेल्यांची फडकी करावीत, तीही सुतीचीच.

सीमाभागातील आपल्या हवेत शेवटची अडचण वाळविण्याची. पाच थरांची वाकळ भिजली की दुपटीहून जड होते व एका उन्हात वाळत नाही. ती पिळू नये, दाबून पाणी काढावे, आणि एका दोरीवर टाकण्याऐवजी हातभर अंतराच्या दोन दोऱ्यांवर पसरावी, म्हणजे पोटातून वारा खेळतो. संध्याकाळी मधला भाग दोन तळहातांत दाबून पाहावा. गार लागला तर आतला थर ओला आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन द्यावे. मृग लागण्यापूर्वी एक धुणे व दिवाळीनंतर एक, एवढे वर्षाला पुरे होते. मधल्या दिवसांत उघडीप मिळेल तेव्हा तासभर ऊन दाखवावे, आणि ठेवताना घडीत कडुलिंबाचा वाळका पाला घालावा.