लहान ट्रॅक्टर पंक्चर होऊ नये म्हणून



रविवारी उपासना आटोपली की कल्याण-डोंबिवलीच्या मंडळ्यांतले कोणी ना कोणी मला विचारतात, "आपला ट्रॅक्टर कसा चाललाय?" मुरबाड तालुक्यातल्या बचत गटाला जो लहान ट्रॅक्टर मिळाला त्यासाठी तुमच्यापैकी अनेकांनी देणगी दिली, तेव्हा विचारण्याचा हक्क तुम्हाला आहेच. इंजिन उत्तम चालले आहे. अडचण चाकांची आहे. या अंकात त्याविषयीच लिहितो. विषय किरकोळ वाटेल, मलाही गेल्या जुलैपर्यंत तसाच वाटत होता.

आमच्या भागातली भाताची खाचरे लहान आणि पायऱ्यापायऱ्यांची. मोठा ट्रॅक्टर आत वळत नाही, वळला तर बांध फोडतो. म्हणून लहान ट्रॅक्टर घेतला. पण लहान ट्रॅक्टरचे टायरही लहान आणि पातळ असतात. मोठा ट्रॅक्टर ज्या काट्यावरून सहज जातो, तो काटा इथे ट्यूबपर्यंत पोचतो.

गेल्या जुलैत एका कातकरी मावशींची पाळी होती. वनहक्क कायद्यातून मिळालेला त्यांचा पट्टा थोडासाच आहे. आवण लावणीला आले होते. भाताचे रोप साधारण २१ ते २५ दिवसांचे झाले की लावायचे असते. त्याहून जून झाले तर फुटवे कमी येतात आणि पीक घटते. त्याच सकाळी ट्रॅक्टरचे मागचे चाक बांधापाशी बसले. मला वाटले काटा असेल. चालक म्हणाला, "दादा, काटा नाय. वॉलच तुटलाय." त्या मापाची ट्यूब मुरबाडला मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी कल्याणला दोन-तीन दुकाने फिरल्यावर मिळाली आणि तिसऱ्या दिवशी चाक बसले. तोवर मावशींनी भाड्याचा ट्रॅक्टर लावून चिखलणी उरकली होती. भाड्याचे पैसे त्यांनी वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेऊन दिले, दिवाळीनंतर भट्टीवर कामाला जायच्या बोलीवर. ही उचल थांबावी म्हणून तर आपण ट्रॅक्टर आणला होता.

व्हॉल्व्ह का तुटला हे मला पंक्चरवाल्या चाचांनी समजावले. टायरमध्ये हवा कमी असली की चिखलात जोर लावताना टायर रिमवर धरून राहत नाही, थोडाथोडा सरकतो. आतली ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो, तो मुळाशी फाटतो. अशी ट्यूब ठिगळ लावून सुधारत नाही, टाकूनच द्यावी लागते. म्हणजे काटा, खिळा काही नसताना, निव्वळ हवा मोजली नाही म्हणून आमचे तीन दिवस गेले. आम्ही हवा कशी पाहत होतो? टायरला लाथ मारून. चालकही तेच करायचा, मीही तेच करायचो आणि "ठीक आहे" म्हणायचो.

म्हणून पहिली गोष्ट हवेचा गेज. सायकलच्या पंपाएवढाही तो महाग नाही. मागच्या टायरला शेतकामात साधारण १२ ते २० पौंडांच्या दरम्यान हवा लागते, पुढच्या टायरला त्याहून जास्त. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो, तो आम्ही मडगार्डवर रंगाने लिहून ठेवला आहे. हवा सकाळी, चाके थंड असताना मोजायची. चाक चालून तापले की आतली हवा फुगते आणि गेज जास्त दाखवतो. तापलेल्या चाकातून हवा काढून टाकली तर दुसऱ्या दिवशी ती कमी भरते. जास्त हवाही बरी नाही. टायर टणक होतो, दगडावर आपटून चिरतो आणि चिखलात नुसता फिरतो. कमी हवेत टायरची बाजू फुगून बाहेर येते. ही बाजू टायरचा सर्वांत पातळ भाग, आणि तुरीचे किंवा कारवीचे तिरपे कापलेले खुंट तिथेच लागतात. बाजू फाटली तर टायर गेला म्हणून समजा.

चाचांनी आणखी एक खूण शिकवली. टायर आणि रिम दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ पांढऱ्या रंगाने ओढायची. रोज संध्याकाळी पाहायचे. रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर टायर रिमवर फिरतो आहे आणि व्हॉल्व्हचे दिवस भरत आले आहेत.

आता काट्यांकडे वळतो. आमच्या वहीत गेल्या हंगामात नऊ पंक्चर आहेत, त्यांपैकी पाच काट्यांचे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातले काटे मी पदविकेच्या वर्गात पुष्कळ अभ्यासले होते. टायरमधून पक्कडीने उपसलेले काटे पाहिल्यावर त्यांची जात ओळखायला शिकलो. खैराचे काटे जोडीने येतात आणि आकड्यासारखे वाकलेले असतात, ते रबरात शिरले की सुटत नाहीत. बोरीच्या जोडीतला एक काटा सरळ आणि एक वाकडा. बाभळीचा लांब, पांढरा, सुईसारखा. करवंदीचा बऱ्याचदा दुभंगलेला.

हे काटे शेतात येतात कुठून? आम्हीच आणतो. भात निघाल्यावर ओलीवर वाल, हरभरा टाकला की गुरांपासून राखायला काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात. मे महिन्यापर्यंत फांद्या वाळून कुजतात, काटे मात्र तसेच मातीत राहतात. जूनमध्ये ट्रॅक्टर नेमका तिथूनच आत शिरतो. वही पाहिली तेव्हा लक्षात आले की पाचपैकी चार काटे खाचराच्या तोंडाशी लागले होते. रोज गुरे आत-बाहेर करताना तिथली आडवी टाकलेली फांदी ओढली जाते आणि काटे झडतात. रान सगळे झाडणे शक्य नाही, पण खाचराचे तोंड झाडता येते. यंदा गटातल्या बायकांनी ठरवले आहे की शिरायच्या जागी काटेरी फांदी न टाकता बांबूचे फाटक करायचे, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात पाड्यातल्या मुलांनी ती जागा खराट्याने झाडून काटे जाळायचे. ही सूचना माझी नाही, त्या मावशींच्या सुनेची आहे.

काटा लागला की लगेच हवा जातेच असे नाही. तो रबरात मोडून बसतो आणि चाक फिरेल तसा रोज थोडा आत सरकतो. आज घुसलेला काटा पाच-सहा दिवसांनी ट्यूब गाठतो. म्हणून संध्याकाळी टायर धुऊन, हाताने चाक फिरवत पाहायचे आणि दिसेल तो काटा पक्कडीने काढायचा. अर्धा तास लागतो. चालक सुरुवातीला कुरकुरला, खरे सांगायचे तर अजूनही कुरकुरतो.

नऊपैकी तीन पंक्चर शेतातली नव्हतीच. ती टिटवाळ्याकडे एका बांधकामावर ट्रॉली भाड्याने दिली तेव्हाची. कल्याण-डोंबिवलीच्या आजूबाजूला इमारती सतत उठत आहेत आणि सेंट्रिंगच्या फळ्यांचे खिळे वाटेवर पडलेले असतात. उन्हाळ्यात चार पैसे मिळतात म्हणून गट ट्रॉली पाठवतो, त्याला मी नाही म्हणू शकत नाही. मात्र आता ट्रॉली रस्त्यावरच उभी करून माल तिथे आणून घ्यायचा, आत न्यायची नाही, असे ठरले आहे. ठेकेदार ऐकतातच असे नाही.

चिखलणीच्या वेळी लोखंडी केजव्हील लावतात. त्यामुळे चिखलात पकड मिळते आणि टायरवरचा ताण कमी होतो. ती नीट बसवली नाहीत तर त्यांची पट्टी टायरच्या बाजूला घासते, आणि डांबरी रस्त्यावर जाण्याआधी ती उतरवावी लागतात.

पंक्चर काढतानाची एक चूक आम्ही दोनदा केली. ट्यूबला ठिगळ लावले, पण टायरच्या आत अडकलेले काट्याचे टोक तसेच राहिले. नवे ठिगळ तासाभरात गेले. म्हणून ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जुने फडके फिरवायचे, जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. उघडे बोट फिरवू नका, मी फिरवले आहे. रिमवरचा गंज खरवडून रेड ऑक्साइड लावायचा, कारण भाताच्या पाण्याने गंजलेल्या रिमच्या खपल्या ट्यूब कापतात. ट्यूबवर शंखजिऱ्याची पूड चोळायची म्हणजे ती टायरला घासत नाही. जॅक नुसत्या चिखलावर कधी लावायचा नाही, खाली जाड फळी हवी.

बाजारात ट्यूबमध्ये ओतायचे औषधही मिळते. बारीक काट्याचे भोक ते बुजवते, हे आम्ही पाहिले. बाजू फाटली किंवा व्हॉल्व्ह तुटला तर त्याचा उपयोग नाही, आणि ते ओतल्यावर लोक हवा मोजायचे सोडतात. म्हणून मी ते घेऊ दिलेले नाही. गटातल्या काहींचे मत वेगळे आहे.

यंदा ट्रॅक्टरबरोबर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात गेज, हातपंप, पक्कड, दोन टॉमी, ठिगळे, सोल्यूशन आणि पुढच्या-मागच्या मापाची एकेक नवी ट्यूब आहे. पत्र्याची अशासाठी की पोत्यात ठेवलेली पहिली ट्यूब उंदरांनी खाल्ली. ट्रॅक्टर घेताना आम्ही तुम्हाला या पेटीचे पैसे मागितले नव्हते, कारण ते मला सुचलेच नव्हते. ट्रॅक्टरचा फोटो पाठवला, आभार मानले आणि काम झाले असे समजलो. ती माझी चूक. शहापूर तालुक्यातल्या दुसऱ्या गटासाठी जो अर्ज पुढच्या महिन्यात तुमच्यासमोर येईल, त्यात पेटी आणि दर वर्षीच्या दोन ट्यूब धरलेल्या आहेत. रक्कम त्यामुळे थोडी वाढलेली दिसेल.

मावशी सध्या भट्टीवर आहेत. पावसाच्या आधी परततील. चिखलणीच्या यादीत यंदा त्यांचे खाचर पहिले आहे.