संदर्भनोंदी : स्वतःच्या संगणकावर की संकेतस्थळावर?

संशोधनपर लेखनात आधारग्रंथांचा अचूक निर्देश करणे ही केवळ औपचारिक बाब राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे इतर लेखनाशी साम्य ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास संशोधनार्थीची नोंदणी रद्द होते. रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर मात्र या मोजणीतून वगळला जातो. नोकरी सांभाळून प्रबंध लिहिणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने संदर्भनोंदींचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. पूर्वी टिपणकार्डांवर होणारे हे काम आता संगणकप्रणालींच्या साह्याने करता येते.

दोन रूपे

अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार होऊन २००६ मध्ये प्रसृत झालेली 'झोटेरो' ही विनामूल्य प्रणाली दोन्ही रूपांत उपलब्ध आहे. संगणकावर बसविलेले रूप इंटरनेट बंद असतानाही चालते. वर्डमध्ये लेखन करीत असताना मजकुरात संदर्भ घालणे व अखेरीस संदर्भसूची तयार करणे ही कामे त्याद्वारेच होतात. संकेतस्थळावरील रूपात ही जोडणी नाही. तथापि, ग्रंथालयातील ज्या संगणकावर नवी प्रणाली बसविण्याची मुभा नसते, तेथे ते उपयुक्त ठरते. संकेतस्थळावर जोडफायलींसाठी ३०० एमबी जागा विनामूल्य मिळते.

निवड व दक्षता

ज्या गावी वीज व इंटरनेट यांचा भरवसा नाही, तेथील अभ्यासकांनी मुख्य संग्रह स्वतःच्या संगणकावर ठेवावा आणि संकेतस्थळाचा उपयोग पूरक म्हणून करावा, हे इष्ट होय. मात्र दोन्ही ठिकाणच्या नोंदी परस्पर जुळविल्या जात असल्याने एका ठिकाणी पुसलेली नोंद दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते. म्हणून या जुळवणीस राखीव प्रत समजू नये. जुन्या मराठी ग्रंथांच्या नोंदी बहुधा हातानेच कराव्या लागतात. त्या गमावल्यास कित्येक महिन्यांचे श्रम वाया जातात.

प्रणालीही कायम राहतातच असे नाही. 'मेंडेली डेस्कटॉप' ही प्रणाली नव्याने उतरवून घेण्याची सोय सप्टेंबर २०२२ पासून बंद करण्यात आली. यास्तव दरमहा सर्व नोंदी आरआयएस या सर्वमान्य स्वरूपात काढून पेनड्राइव्हवर जतन कराव्यात. या स्वरूपातील नोंदी अन्य प्रणालींतही घेता येतात. महाविद्यालयीन ग्रंथपालांनी एवढी एक पद्धत प्रत्यक्ष दाखवून दिली, तरी अनेक अभ्यासकांचे परिश्रम सुरक्षित राहतील.