रात्रीची लघवी आणि ताटातलं मीठ

प्रश्न : राहायला चिंचवडला, काम चाकणला दुसऱ्या पाळीत. वय ५२. संध्याकाळनंतर पाणी बंद केलं, तरी झोपेतून तीनदा उठावं लागतं. खाण्यापिण्यात बदल केल्याने फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण पाण्याआधी मिठाकडे बघा. पाळी संपवून उशिरा जेवताना पिठल्यासोबत ठेचा, लोणचं, भाजलेला पापड घेतला की दिवसभराच्या मिठात मोठी भर पडते. जास्तीचं मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि मूत्रपिंडं ते दोन्ही रात्री बाहेर टाकतात. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या, २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात ज्यांनी रोजचं मीठ १०.७ वरून ८ ग्रॅमवर आणलं, त्यांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वरून १.४ वेळांवर आलं. ज्यांचं मीठ वाढलं, त्यांचं उठणंही वाढलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. ‘घाम गाळणाऱ्याला मीठ हवंच’ हे खरं, पण नेहमीच्या भाजी-आमटीतून ते बहुतेकांना पुरेसं मिळतं. उकाड्यात पाणी तोडणं मात्र धोक्याचं. दिवसा भरपूर प्या, शेवटचा चहा पाळीच्या सुरुवातीलाच घ्या. ‘या वयात प्रोस्टेटच असणार’ अशी शंका रास्त आहे. मधुमेह किंवा झोपेत घोरताना श्वास अडखळणंही कारण असू शकतं. म्हणून मीठ आजपासूनच कमी करा, पण साखर, लघवी आणि प्रोस्टेटची तपासणी लांबवू नका. लघवीत रक्त, जळजळ किंवा पायांवर सूज दिसली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.