घरघर म्हणजे दमाच असे नाही

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. दीड महिन्यापासून त्याला खोकला आणि छातीत घरघर आहे. दम्याचा पंप सुरू करूनही फरक नाही. हा दमाच असेल का?
– एक आई, सांगली

उत्तर : दम्याची घरघर सहसा कमी-जास्त होते, दोन्ही बाजूंना ऐकू येते आणि पंपाने कमी होते. तसे होत नसेल तर निदान पुन्हा तपासायला हवे. आधी पंप व स्पेसर नीट वापरला जातो ना, हे डॉक्टरांना दाखवा.

मग आठवून पाहा : शेंगदाणा, फुटाणा किंवा सीताफळाची बी खाताना त्याला अचानक जोराचा ठसका लागला होता का? दाणा श्वासनलिकेत अडकला की बहुधा एकाच बाजूला घरघर होते. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे ‘नॉर्मल’ आला तरी शंका कायम असल्यास दुर्बिणीने तपासणी करावी लागते.

चार आठवड्यांहून अधिक टिकणारा ओला खोकला, वजन न वाढणे, जन्मापासूनचा त्रास, श्वास आत घेताना होणारा आवाज, दूध पिताना ठसका, वारंवार न्यूमोनिया किंवा घरात क्षयरोगी असणे, यांपैकी काहीही असल्यास बालरोगतज्ज्ञांना जरूर सांगा. चालू औषधे मात्र परस्पर बंद करू नका.

ओठ निळसर पडले, बरगड्यांखाली खड्डे पडू लागले किंवा बाळ मलूल झाले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. आणि पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका. कूट करूनच द्या.