माती खाणारे मूल

माती, खडू किंवा पाटीची पेन्सिल खाणारे एखादे मूल आपल्या वस्तीत दिसतेच. ‘पोटातले जंत मागतात’ असे वडीलधारी म्हणतात. काही घरांत मुलाला मार बसतो. याविषयी शास्त्र काय सांगते, ते आम्ही थोडक्यात मांडतो.

उघड्यावरील शौचाने दूषित झालेल्या ओल्या मातीत, मग ते उसाचे रान असो की परसू, अंकुशकृमीची अळी अनवाणी पायातून शरीरात शिरते. आतड्यात हा कृमी रक्त पितो व शरीरातील लोह घटते. लोह कमी झालेल्यांना पुष्कळदा माती खाण्याची ओढ लागते. म्हणजे जंत मागत नाही, त्याने केलेली उणीव मागते. त्या मातीतून गोलकृमीची अंडीही पोटात जातात.

आतड्यातील जीवाणूंचे काय? अमेरिकेतील २०२२ च्या एका प्रयोगात वेगवेगळे जीवाणू दिलेल्या उंदरांनी वेगवेगळा आहार निवडला. माणसाबाबत हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

तेव्हा पालकांनो, मुलाला मारू नका. सरकारी दवाखान्यात त्याचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोल मोफत देतात, ते चुकवू नका. मात्र त्याने लोह भरून येत नाही. लोहाची गोळी डॉक्टरांना विचारून द्यावी. विद्यार्थी मित्रांनो, पायात चप्पल व जेवणापूर्वी साबणाने धुतलेले हात एवढे तुमच्याच हाती आहे.